बांबू झाड की गवत? मेंढा (लेखा) गावाच्या चाळीस वर्षांचं प्रकरण

२७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. मोहफुलं वेचून झालेली, तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर, अशा दिवसांत त्या गावात केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश आले, राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले. शे-सव्वाशे घरांचंही नसलेलं हे गाव. मेंढा नावाची गावं बरीच, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव कंसात लावून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. पाहुण्यांनी ग्रामसभेच्या हातात जे दिलं ते एक पावतीपुस्तक होतं. वाहतूक परवान्याचं. जंगलात काम करणारा कुणीही त्याला टीपी म्हणतो.

टीपी म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याला या प्रसंगातलं काहीच कळणार नाही. जंगलातून निघालेला माल रस्त्यावर आला की नाक्यावर पहिला प्रश्न टीपीचा. टीपी नसेल तर माल चोरीचा. मग तो कुणाच्या जंगलातला, कुणी कापला, कुणी जपला, याला अर्थ नाही. शंभर-सव्वाशे वर्षं हे पुस्तक वनखात्याच्या टेबलावर होतं. देशात पहिल्यांदा ते एका ग्रामसभेच्या पेटीत गेलं.

पर्यावरणाच्या कामात हयात घालवलेल्या माणसांबद्दल आपण लिहितो तेव्हा बहुतेक वेळा मोर्चा, उपोषण, तुरुंग, पुरस्कार या क्रमानं लिहितो. मेंढ्याचं प्रकरण मला वेगळ्या कारणासाठी अभ्यासावंसं वाटतं. इथे गावातले देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले मोहन हिराबाई हिरालाल या दोन माणसांनी चाळीसएक वर्षं मुख्यतः बैठका घेतल्या. जंगल राखलं ते त्या बैठकांनी, असं माझं मत आहे.

आधी नदी

सुरुवात जंगलापासून झाली नाही, धरणापासून झाली. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम अशी दोन मोठी धरणं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ठरली होती. महाराष्ट्र, मध्य प्रदेश (आजचं छत्तीसगड) आणि आंध्र (आजचं तेलंगण) यांच्या सीमेवरचा हा मुलूख. बुडणार होतं ते साग-बांबूचं जंगल आणि माडिया-गोंडांची गावं. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकता, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चांद्यातून (म्हणजे चंद्रपुरातून) वेगळा झाला होता.

या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. पुढे होते बाबा आमटे आणि लालश्याम शहा. शहा हे पानाबरसचे आदिवासी नेते, १९६२ साली चांद्यातून लोकसभेवर गेलेले आणि दोनच वर्षांत राजीनामा देऊन परतलेले. बाबांचं काम तोवर आनंदवन आणि १९७३ पासून हेमलकसा. नदीच्या प्रश्नात ते शिरले ते या धरणांमुळे, आणि मग बाहेर पडलेच नाहीत. १९९० मध्ये आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, त्या निर्णयाची मुळं इंद्रावतीत आहेत.

धरणं थांबली. आंदोलनाच्या हिशेबात हा विजयच. पण मोर्चाहून गावी परतलेल्या माणसांपुढे एक साधा प्रश्न उरला. धरण नाही आलं तरी जंगल आपलं कुठे आहे? जमीनदारी गेल्यावर जंगल सरकारजमा झालं होतं. गावाकडे निस्तार हक्क होते, म्हणजे सरपण, गवत, घराच्या लाकडापुरती मुभा, आणि तीही रजिस्टरमध्ये राहिली होती. बांबू कागद कारखान्याला ठेक्यानं जात होता.

घोटुल

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मेंढ्यानं गावात पुन्हा घोटुल बांधायचं ठरवलं. घोटुल म्हणजे पोरापोरींनी रात्री जमायची, नाचगाणं आणि जगण्याच्या रीती शिकायची जागा. तो सागाच्या लाकडाचाच बांधायची रीत. वनखात्यानं साग वापरला म्हणून आक्षेप घेतला आणि घोटुल मोडला.

इथे दुसरं एखादं गाव कोर्टात गेलं असतं, किंवा गप्प बसलं असतं. मेंढ्यानं आसपासच्या गावांना बोलावलं. बैठक झाली. मेंढ्याचा घोटुल पुन्हा उभा राहिलाच, शिवाय आजूबाजूच्या बारा गावांनी आपापले घोटुल उभारले. आता खातं मोडणार किती? मोडले नाहीत.

मला या प्रसंगात शौर्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो. एक घोटुल म्हणजे गुन्हा, बारा-तेरा घोटुल म्हणजे रूढी. तंट्याचं रूप बदलायला एवढं पुरलं.

बैठक कशी चालते

मोहनभाऊ मूळचे जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनातले, छात्र युवा संघर्ष वाहिनीचे. आडनावाच्या जागी आई हिराबाई आणि वडील हिरालाल ही दोन नावं लावायचे. चंद्रपूरला १९८४ मध्ये त्यांनी 'वृक्षमित्र' संस्था सुरू केली. विचार विनोबांचा: निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. असा निर्णय प्रत्यक्ष घेणारं गाव ते शोधत होते, आणि ते मेंढ्यात पोचले. गावात देवाजी तोफा होते. बाकी इतिहास या दोघांच्या गाठीभेटींचाच आहे म्हटलं तर फार चुकणार नाही, जरी दोघांनाही ते वाक्य रुचलं नसतं. कारण पद्धतच अशी आखली होती की माणूस मागे राहावा.

पद्धत दोन खोल्यांची आहे. एक, अभ्यास मंडळ. तिथे कुणीही यावं, बाहेरचा आला तरी चालेल, वाटेल तितकी चर्चा करावी, कायदा वाचावा, नकाशा पाहावा. पण निर्णय घ्यायचा नाही. दुसरी, ग्रामसभा. तिथे निर्णय होतो, आणि एकाचाही विरोध असेल तर होत नाही. पुढच्या बैठकीवर जातो. त्याच्या पुढच्यावर जातो. बाहेरचा माणूस, मग तो मोहनभाऊ का असेना, ग्रामसभेत सल्ला देईल, ठराव करणार नाही.

हे ऐकून शहरी माणूस हसतो, आणि त्यात मी पण होतो. मग आमच्या सोसायटीतली लिफ्ट आठवली. दुरुस्तीचा ठराव अकरा विरुद्ध नऊ असा मंजूर झाला, टाळ्याही वाजल्या, आणि त्या नऊ जणांनी पुढे अडीच वर्षं वर्गणी दिली नाही. लिफ्ट बंदच. बहुमतानं निर्णय पटकन होतो, पण अंमलबजावणीसाठी पोलीस लागतो. मेंढ्यात पोलीस नाही, म्हणून निर्णयाला वेळ लागतो. जंगलात रात्री कोण कुऱ्हाड घेऊन गेला हे बघायला कुणी शिपाई ठेवायचा नसेल, तर नियम ज्याच्यासाठी आहे त्यानंच तो आधी मान्य केलेला बरा.

दारूचा निर्णय हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. बायकांना गावातली दारू बंद हवी होती. वयस्कांचं म्हणणं, देवाला मोहाची दारू लागते, ती बंद कशी करणार? मतदान घेतलं असतं तर एक बाजू जिंकली असती. सहमतीसाठी ताणलं, तेव्हा देवापुरती वेगळी आणि विक्री-पिण्याची वेगळी अशी दारूची दोन रूपं समोर आली, आणि वाट निघाली. हे उगाच सांगत नाही. जंगल राखायच्या नियमांवर बसण्याआधी गावानं बसायचा सराव या प्रश्नावर केला.

त्यातून आलेली घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत आहे. गोंडीत 'मावा नाटे माटे सरकार', म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार. मराठीत तिच्या आधी एक ओळ जोडली जाते: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार. बरेच जण फक्त दुसरा भाग उद्धृत करतात आणि मेंढ्याला फुटीर ठरवून मोकळे होतात. पहिल्या ओळीत 'आमचं' आहे, हे त्यांच्या नजरेतून निसटतं.

मध, मासे आणि नियम

जंगलाचे नियम एकदम कागदावर उतरले नाहीत. फळझाड तोडायचं नाही. वणवा लावायचा नाही, लागला तर सगळ्यांनी विझवायला जायचं. बाहेरच्या कुणाला, सरकारी माणसालाही, गावाच्या जंगलात काम करायचं असेल तर आधी ग्रामसभेला सांगायचं.

मधाचं बघा. आग्या मोहोळ उंच झाडावर. जुनी रीत म्हणजे रात्री पेटता पलिता घेऊन चढायचं, माश्या जाळायच्या, सगळं पोळं उतरवायचं. माश्या मेल्या, पिल्लं गेली, खाली ठिणगी पडून वणवा लागला तो वेगळाच. वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी अहिंसक मध काढायची पद्धत बसवली, ती गावातल्या काही जणांनी शिकून घेतली. अंगावर जाळीचा पोशाख, कमरेला दोर. पोळ्यात मधाचा भाग वरच्या एका बाजूला असतो आणि पिल्लांचा खाली. फक्त मधाचा भाग कापायचा. माश्या तिथेच राहतात, पोळं पुन्हा भरतं, त्याच झाडावरून पुन्हा मध मिळतो. यात निसर्गप्रेमाचं भाषण कुठेच करावं लागत नाही. दुसऱ्यांदा मध मिळाला की मुद्दा पटतो.

कठाणी नदीचं तसंच. गावाजवळून वाहणाऱ्या या नदीत काही वनस्पतींचं विष टाकून मासे धरायची रीत होती. विषानं लहान-मोठा भेद राहत नाही, डोह रिकामा होतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं मेंढ्याशी जुनं नातं. गावाच्या जैवविविधतेची नोंद करायच्या कामातून जो अभ्यास झाला, त्यातून नदीत विष टाकायचं नाही असं गावानं ठरवलं. मोठ्या धरणाविरुद्ध लढा दिलेल्या भागात हा निर्णय चिमूटभर वाटेल. पण धरण दिल्लीत अडतं, आणि डोहात विष टाकणारा हात गावातलाच असतो.

नव्वदीच्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापन आलं. ती योजना वनखातं आणि गाव यांनी मिळून उजाड जंगल पुन्हा उभं करायची होती. मेंढ्यानं ती उभ्या, चांगल्या जंगलासाठी मागितली. आमचं जंगल आम्ही राखलं म्हणून आम्ही योजनेला अपात्र, असं कसं? हा युक्तिवाद पुढे टिकला, आणि मला वाटतं वनहक्काच्या दाव्याची तालीम तिथेच झाली.

कायद्याचा शब्द

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला, २००८ मध्ये नियम आले. बाकी देश वैयक्तिक दाव्यांचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीचे, अर्ज भरत होता. मेंढ्याच्या अभ्यास मंडळानं सामूहिक हक्काचं कलम आधी वाचून काढलं. २००९ मध्ये मेंढ्याला आणि शेजारच्या मर्दा गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, देशातल्या पहिल्या गावांमध्ये. मेंढ्याच्या वाट्याला १,८०९.६१ हेक्टर जंगल आलं.

कागद मिळाला आणि अडलं. ग्रामसभेनं बांबू विकायचं ठरवलं, वाहतूक परवाना मागितला. वनखात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे. आणि १९२७ च्या भारतीय वन कायद्यात खरोखर तसं लिहिलं आहे. 'झाड' या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडपं आणि वेत सगळं येतं. झाड म्हणजे इमारती लाकडाच्या वर्गातलं, आणि ते गावाच्या हक्कात नाही. उलट २००६ च्या कायद्यात गौण वनोपजाच्या, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या आणि गावाच्या हक्कातल्या मालाच्या, व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट घातलेलं आहे. वनस्पतिशास्त्र तिसरंच सांगतं, की बांबू हे गवत.

अडलेल्या बांबूचं एक बारीक सत्य इथे सांगायला हवं, कारण त्याशिवाय वाद नुसता शब्दांचा वाटतो. बांबूच्या बेटात पावसाळ्यात नवे कोंब येतात, या भागात त्यांना वास्ते म्हणतात. वास्त्याची भाजी होते, त्यामुळे कोंब जपायचा की खायचा हा दर पावसाळ्याचा प्रश्न. कोंबाचा बांबू पक्का व्हायला तीनेक वर्षं लागतात. कापताना त्या वर्षीचे कोवळे सोडायचे, बेटाच्या मधले आधाराला ठेवायचे, आणि कापायचा तो जमिनीलगतच्या पहिल्या-दुसऱ्या पेऱ्याच्या वर. वर्षाला अमुक टन काढायचे म्हणून आलेला ठेकेदाराचा मजूर बेटाकडे असं बघत नाही. त्याला हाताला सोयीचे आणि रस्त्याजवळचे बांबू दिसतात. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या जंगलात असतो. ज्याला पुढच्या पावसाळ्यात त्याच बेटाशी वास्ते काढायला यायचं आहे, त्याच्या कोयत्याचा कोन वेगळा पडतो.

मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असं कळवलं, आणि पुढच्या महिन्यात ते पावतीपुस्तक मेंढ्यात आलं. त्यानंतर ग्रामसभेनं स्वतः निविदा काढून बांबू विकला, बँकेत खातं उघडलं, पॅन कार्ड काढलं. आदिवासी ग्रामसभेच्या नावानं पॅन कार्ड ही गोष्ट मला टीपीपेक्षाही धक्कादायक वाटते. हक्काची भाषा करणाऱ्यांना हिशेबाची वही नको असते. इथे ती आधीपासून होती. वन कायद्यातली झाडाची व्याख्या संसदेनं २०१७ मध्ये बदलली, तीही फक्त जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरती.

जमीन

जंगल सामूहिक झालं. शेती वैयक्तिक राहिली, म्हणजे विकायला मोकळी. गरजेच्या वेळी एकानं बाहेरच्याला विकली की गावाच्या मधोमध परका पाय पडतो, आणि आज ना उद्या सर्वसहमती मोडते. २०१३ मध्ये मेंढ्यानं ग्रामदान केलं. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा, विनोबांच्या काळातला, कपाटात धूळ खात पडलेला. त्याखाली जमीनमालकांनी मालकी ग्रामसभेकडे दिली. कसणारा कसतोच, मुलांना वारसा मिळतो, पण जमीन बाहेर विकता येत नाही.

गंमत अशी की कायदा सरकारचाच, तरी त्यावर शेवटची मोहोर उमटायला दशकभर गेलं. मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं. वनखात्याशी भांडताना गावापाशी नवा कायदा होता आणि समोर जुनी सवय. इथे कायदाही जुना, आणि तो कुणी खरोखर वापरेल अशी कचेरीत कुणाची अपेक्षाच नव्हती.

काय चाललं, काय नाही

मेंढ्याला 'मॉडेल' म्हणायची घाई मी करणार नाही. गाव लहान आहे, एकाच समाजाचं आहे, जंगल उंबऱ्याला लागून आहे. सर्वसहमती चालण्यामागे यातलं प्रत्येक कारण आहे. पाच हजार वस्तीच्या, चार जातींच्या, साखर कारखान्याच्या राजकारणातल्या गावात ही पद्धत उचलून नेली तर पहिल्याच बैठकीला बारगळेल. शिवाय इथे एक बाहेरचा माणूस चाळीसएक वर्षं न थकता येत राहिला, निर्णय न घेता. असा माणूस कुठल्याही योजनेच्या अंदाजपत्रकात बसत नाही. स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प तीन वर्षांचे असतात. बांबूच्या एका कोंबाचं आयुष्यही त्याहून लांब.

पसरलं ते दुसऱ्या वाटेनं. गडचिरोलीत नंतर हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. सगळ्यांनी मेंढ्याची सर्वसहमती घेतली नाही, पण तेंदू आणि बांबूचा लिलाव स्वतः करायचा हे बऱ्याच ग्रामसभांनी उचललं. म्हणजे गावांनी विचार अर्धा घेतला, वही मात्र पूर्ण घेतली.

मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. देवाजीभाऊ आणि गाव आपलं काम करत आहेत. बाबा २००८ मध्येच गेले होते. नर्मदेवरचं धरण त्यांच्या डोळ्यांदेखत चढत गेलं.

आणि इंद्रावती-गोदावरी? मेंढ्याजवळची कठाणी वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. त्या संगमाच्या खाली, सिरोंचा तालुक्याच्या समोर, तेलंगणनं मेडीगड्डा बंधारा बांधला. २०१९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, सिरोंच्याच्या काठावरच्या शेतांत पाणी शिरू लागलं, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याच्याही खाली, जिथे १९८० च्या दशकात धरण अडवलं होतं, त्या इंचमपल्लीचं नाव गोदावरी-कावेरी नदीजोड प्रकल्पाच्या कागदांत पुन्हा आलेलं आहे. ज्या डोहात विष टाकायचं नाही असं मेंढ्यानं ठरवलं, त्या डोहातलं पाणी तिथूनच जातं. त्यावर बसायची बैठक कुठल्या गावात घ्यायची, आणि तीन राज्यांतल्या किती ग्रामसभांनी त्यात बसायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.